वाऱ्यावर खापर फोडू नका

आक्काच्या अंगावरून वारं गेलं, असा निरोप आला. माझी ही थोरली बहीण तासगाव तालुक्यात दिलेली, मी साताऱ्याकडची. पहाटे चूल पेटवताना तिचा उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं. घरच्यांनी दिवसभर तेल चोळलं. मिरजेला नेलं ते दुसऱ्या दिवशी. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ती वेळ तेलात गेली.

डॉक्टरांनी जुने कागद मागितले. दाजींची फाईल जाडजूड निघाली. साखर, कोलेस्टेरॉल, सगळे रिपोर्ट क्रमानं लावलेले. आक्काच्या नावावर काय? धाकट्या बाळंतपणाचं पंचवीस वर्षांपूर्वीचं एक कार्ड! त्यावर रक्तदाब वाढल्याची नोंद होती. बाळंतपणात रक्तदाब किंवा साखर वाढलेल्या बाईला पुढच्या आयुष्यात पक्षाघाताचा धोका जास्त असतो. पण मूल सुखरूप हाती आलं आणि कार्ड ट्रंकेत गेलं. त्यानंतर तिच्या रक्ताची आठवण कुणाला झाली नाही. मलासुद्धा नाही.

बायांनो, हे वारं नव्हे. वारं म्हटलं की कुणीच जबाबदार राहत नाही. रक्तातली जादा साखर आणि चरबी वर्षानुवर्षं रक्तवाहिन्यांच्या भिंती खराब करते. वाढलेला रक्तदाब त्यात भर घालतो, मिशेरीतली तंबाखूही घालते. मग एक दिवस गुठळी अडकते, नाहीतर वाहिनी फुटते. आजार अचानक दिसतो, पण तो अचानक येत नाही. रक्त आधीपासून सांगत असतं. विचारणारं कुणी नसतं.

बाईचं रक्त तपासतात ते पोटात मूल असताना. म्हणजे तपासणी बाईची की गर्भाशयाची? पाळी गेल्यावर धोका वाढतो, नेमकी तेव्हाच ती कुणाच्या खिजगणतीत नसते.

कुणी म्हणेल, सरकारी योजना आहे की! आहे. 2010 साली केंद्र सरकारनं राष्ट्रीय कार्यक्रम काढला, तेव्हा पक्षाघात हा शब्द त्याच्या नावातच होता. तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर तपासायची, असं धोरणही आहे. पण आशाताई घरी येतात तेव्हा बाई भांगलणीला गेलेली असते. दिवसा शिबिराला जायचं तर रोजगार बुडतो. दोष आशाताईंचा नाही. बाईचा दिवस कसा जातो हे न पाहता वेळा ठरवणाऱ्यांचा आहे.

आणि दोष घराचाही आहे. सोमवार, गुरुवार, एकादशी, नवऱ्यासाठी वटपौर्णिमा. इतके उपास करणाऱ्या बाईला उपाशीपोटी रक्त द्यायला एक सकाळ मिळू नये?

हजारोंची पॅकेजेस नकोत. रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, कोलेस्टेरॉल, एवढ्यापासून सुरुवात होते. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए1सी तपासणीही करतात, तिच्यात 6.5 किंवा जास्त म्हणजे मधुमेह. पण अंगात रक्त कमी असेल तर हा आकडा फसवू शकतो, आणि महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक बायांना रक्तक्षय आहे. म्हणून साखरही तपासून घ्या आणि डॉक्टरांना रक्तक्षयाचं सांगा.

ऐंशीच्या दशकात याच सांगली जिल्ह्यात नवऱ्यांनी टाकलेल्या बायांनी स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड मागितलं. आता स्वतःच्या नावाचा रिपोर्ट मागूया. ग्रामसभेत उठून म्हणूया: तपासणी संध्याकाळी ठेवा, मळ्यात या, बाळंतपणाचं कार्ड बंद करू नका, गोळ्या दर महिन्याला हातात द्या.

आक्का आता डाव्या हातानं जेवते. परवा बोबड्या जिभेनं तिनं मला विचारलं, "तू तपासलंस का गं?"

मी तपासलं. तुम्ही?