जाहीर इशारा : मुदत 28 सप्टेंबर

राज्यातल्या सर्व महापालिकांचे आयुक्त, नगरपालिकांचे मुख्याधिकारी, कुत्र्यांच्या नसबंदीचा ठेका घेतलेले ठेकेदार आणि डॉग व्हॅन गल्लीत शिरली की तिला आडवे जाणारे नागरिक, या सर्वांना आम्ही करदाते हा इशारा देत आहोत.

भटक्या कुत्र्यांवर सभागृहात तासन् तास गदारोळ होतो. प्रत्यक्ष काम मात्र करतात गाडीचा ड्रायव्हर, जाळी टाकणारे दोघे-तिघे आणि केंद्रावर पिंजरे धुणारा मदतनीस. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी जवळपास कधीच वाचत नाही. हा रोग होऊ नये म्हणून चावा बसण्याआधीच घ्यायची लस उपलब्ध आहे. रोज कुत्र्याच्या जबड्याजवळ हात घालणाऱ्या माणसाला ती मिळालेली नसेल, तर ‘तो कंत्राटी आहे, ठेकेदाराला विचारा’ हे उत्तर यापुढे चालणार नाही. काम पालिकेचे आहे, तेव्हा जबाबदारीही पालिकेचीच.

या माणसाला शिव्या दोन्हीकडून बसतात. ‘उचला आणि लांब कुठेतरी सोडून या’ असे एक जण दरडावतो, तर दुसरा गाडीची किल्ली काढून घेतो. दोघांनीही नियम वाचावेत. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार कुत्रा पकडायचा, त्याची नसबंदी करायची, त्याला रेबीजची लस द्यायची, खूण म्हणून कानाला खाच पाडायची आणि जिथून आणला तिथेच सोडायचा. 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने रेबीज झालेल्या आणि आक्रमक कुत्र्यांना परत सोडण्यातून वगळले, आणि पथकाला अडवणाऱ्यांवर कारवाई होईल असेही बजावले. 7 नोव्हेंबर 2025 च्या आदेशाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातली कुत्री निवारा केंद्रात हलवायची आहेत. कोणता कुत्रा कुठे जाणार हे या चौकटीत ठरते. जाळी धरणाऱ्याशी हुज्जत घालून ते बदलत नाही.

मारून प्रश्न सुटत असता तर मुंबईत तो कधीच सुटला असता. तिथे वर्षानुवर्षे कुत्री मारली गेली, आणि अखेर 1994 मध्ये पालिकेने ते थांबवून नसबंदीचा मार्ग धरला. गोव्याने सुमारे 70 टक्के कुत्र्यांना लस देण्याचे लक्ष्य ठेवले. प्रशिक्षित पथके जाळ्या घेऊन गावोगाव फिरली आणि 2017 नंतर सलग काही वर्षे तिथे माणसाच्या रेबीज-मृत्यूची नोंद झाली नाही. ते यश जाळी टाकणाऱ्या हातांचे होते.

येत्या 28 सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन आहे. त्या दिवसापर्यंत पुढील गोष्टी झाल्याच पाहिजेत.

1. पथकातल्या आणि केंद्रातल्या प्रत्येकाला, कायम असो वा कंत्राटी, प्रतिबंधक लस, विमा, जाड हातमोजे आणि ओळखपत्र द्यावे.

2. कुत्री पकडण्याचे रीतसर प्रशिक्षण द्यावे. तारेचे फास आणि लोखंडी चिमटे गाडीतून कायमचे काढावेत.

3. किती कुत्री पकडली, किती शस्त्रक्रिया झाल्या, किती दगावली आणि कुठे सोडली, हे दरमहा वॉर्ड ऑफिसच्या फलकावर लावावे. शस्त्रक्रियेत काढलेले अवयव मोजल्याखेरीज ठेकेदाराचे बिल काढू नये.

4. खाऊ घालण्याच्या जागा मुलांच्या खेळण्याच्या जागांपासून आणि जिन्यांपासून दूर ठरवून तिथे पाट्या लावाव्यात.

5. पशुवैद्य, पाणी आणि पुरेशी जागा असलेला निवारा उभा करावा. निवाऱ्याच्या नावाखाली कोंडवाडा काढाल तर तोही क्रूरताच ठरेल.

नागरिकांनीही ऐकावे. पथकावर हात उचलला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 132 खाली तक्रार देऊ. सोसायटीत विष घालून कुत्री मारली, तर कलम 325 आहे आणि त्यात पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रार देताना समोरचा प्राणिप्रेमी आहे की सोसायटीचा अध्यक्ष, हे आम्ही पाहणार नाही.

मुदत टळली तर पुढचे सगळे ठरले आहे. कामकाजाच्या पहिल्याच दिवशी प्रत्येक वॉर्डात माहिती अधिकाराचे अर्ज पडतील. लस न दिलेल्या कामगारांची तक्रार कामगार आयुक्तांकडे जाईल. आकडे लपवणाऱ्या पालिकांची यादी आम्ही छापू, आणि त्यांना कायदेशीर नोटीस देऊन उच्च न्यायालयात याचिका दाखल करू. ‘निधी नाही’, ‘निविदा प्रक्रियेत आहे’, ‘फाइल वर पाठवली आहे’ ही उत्तरे आम्हाला पाठ आहेत. ती आता न्यायमूर्तींसमोर द्यावी लागतील, आणि शपथेवर.