आमच्या आभारांचा हिशेब

गेल्या वर्षी नाताळापूर्वी एका धर्मग्रामात उपकारस्तुतीची मिस्सा झाली आणि तिच्यानंतरच्या समारंभात एका गृहस्थाला व्यासपीठावर बोलावण्यात आले. मद्यपान सोडून त्याला अकरा महिने झाले होते. शाल झाली, श्रीफळ झाले. पत्नीला आणि दोन्ही मुलांना त्याच्या शेजारी उभे करण्यात आले आणि ‘देवाचे, धर्मग्रामाचे व कुटुंबाचे आभार मानण्यासाठी दोन शब्द’ बोलण्याची त्याला विनंती करण्यात आली. तो बोलला. बरा बोलला. सभागृहाने टाळ्या वाजवल्या, काही भगिनींनी डोळे पुसले.

जानेवारीत लग्नसराई सुरू झाली. एका मांडवात, त्या टाळ्या वाजवणाऱ्यांपैकीच एकाने त्याच्या हातात ग्लास दिला. तो नको म्हणाला. ‘माझ्या मुलीच्या लग्नात नाही म्हणतोस? आता तर तू बरा झालास, सगळ्यांसमोर सांगितलंस ना?’ पुढचे सविस्तर सांगण्याची गरज नाही. फेब्रुवारीत त्याला रुग्णालयात दाखल करावे लागले आणि धर्मग्रामात एकच वाक्य फिरू लागले: ‘कृतघ्न निघाला.’

या एका शब्दासाठी आम्ही हा लेख लिहीत आहोत.

आम्ही म्हणजे कोण, हे सांगितले पाहिजे. आठवड्यातून एका संध्याकाळी धर्मशिक्षणाच्या वर्गात, लहान मुलांच्या बाकांवर गुडघे आखडून बसणारी आम्ही काही माणसे. त्यात शेतकरी आहेत, बँकेतून निवृत्त झालेले आहेत, एक रिक्षाचालक आहे आणि दोन स्त्रियाही आहेत (हे वाचून कोणाच्या भुवया उंचावल्या असतील, तर त्या तशाच राहू द्याव्यात). आम्ही सारे मद्यासक्तीच्या आजारातून सावरत आहोत. आमची नावे येथे नाहीत. लाज वाटते म्हणून नव्हे. १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन या गावी एक शेअर दलाल आणि एक शल्यचिकित्सक यांच्या भेटीतून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही चळवळ उभी राहिली, तिचा निनावीपणाचा दंडक आम्ही पाळतो. व्यासपीठावरच्या त्या शालीने पहिल्यांदा त्या दंडकाचा बळी घेतला आणि नंतर माणसाचा.

आमच्यावर पुष्कळ आरोप होतात आणि त्यांतील बहुतेक खरे असतात. आम्ही खोटे बोललो, उसने घेऊन बुडवले, मुलांच्या फीचे पैसे प्यायलो. मात्र कृतघ्नतेचा आरोप करणाऱ्यांनी आधी आपण कृतज्ञता कशाला म्हणतो ते पाहावे. आपल्या समाजात कृतज्ञता म्हणजे वसुली झाली आहे. ज्याच्यावर उपकार झाले त्याने ते चारचौघांत, माइकवर, ठरल्या दिवशी परत करायचे. शुभवर्तमानातील दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आम्हाला किती वेळा ऐकवली गेली असेल! नऊ जण परतले नाहीत, हे बोट आमच्याकडे रोखून सांगितले जाते. पण जो एक परतला, तो शमरोनी होता, त्याला कोणी बोलावणे धाडले नव्हते आणि वाटेत कोणी त्याच्या गळ्यात हार घातला नव्हता, याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. परत फिरण्याची बुद्धी त्याची स्वतःची होती.

हा शब्द फार विचारपूर्वक घडवलेला आहे. ‘कृत’ म्हणजे जे केले गेले ते. ते जाणतो तो कृतज्ञ, त्याचा नाश करतो तो कृतघ्न. या शब्दात भावना कोठे आहे? गहिवर कोठे आहे? आहे ते ज्ञान. जे झाले ते नीट ठाऊक असणे. आणि मद्यपीच्या आयुष्यात सर्वांत आधी जाते ते हेच ज्ञान. काल रात्री काय झाले, हेच त्याला सकाळी दुसऱ्याकडून कळते.

आमच्या संध्याकाळच्या बैठकीत प्रत्येकाजवळ एक वही असते. साधी, शाळेची, दोनशे पानी. रोज रात्री झोपण्यापूर्वी दिवसभरात लाभलेल्या गोष्टी तीत लिहायच्या, एवढाच नेम. या वहीची चेष्टा आम्ही ऐकली आहे. ‘रोज पाच ओळी लिहून दारू सुटते होय?’ असे एका सुशिक्षित गृहस्थांनी विचारले. त्यांना आमचे उत्तर आहे: नाही सुटत. दीर्घकाळ रोज पिणाऱ्याने वैद्यकीय देखरेखीविना एकाएकी पिणे थांबवले तर फेफरे येऊ शकते, दोन-तीन दिवसांत भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. तेथे वही नव्हे, डॉक्टर लागतात. त्यानंतर उपचारकेंद्र लागते, मग ते फादर जो परेरा यांनी १९८१ साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमधून सुरू केलेले ‘कृपा’ असो की अनिता आणि अनिल अवचट या डॉक्टर दांपत्याने १९८६ साली पुण्यात उभे केलेले ‘मुक्तांगण’. वहीचे काम या साऱ्यानंतर, माणूस घरी आल्यावर सुरू होते.

कारण घरी आलेला माणूस आनंदी नसतो. हे कुटुंबीयांना ठाऊक नसते आणि म्हणून ते दुखावतात. पहिले कित्येक महिने झोप धड लागत नाही, चिडचिड होते, जेवणाला, गाण्याला, मुलांच्या हसण्याला चव वाटत नाही. वर्षानुवर्षे दारूतूनच सुख घेण्याची सवय लागलेला मेंदू साध्या सुखांना बोथट झालेला असतो आणि तो सावरायला वेळ घेतो. अशा माणसाला ‘तुला कृतज्ञ वाटत नाही का?’ असे विचारणे म्हणजे पायाचे प्लास्टर कालच काढलेल्याला धावण्याच्या शर्यतीत उभे करणे. त्याला काहीही वाटत नाही. वाटण्याची वाट पाहत बसला तर तो संपेल. म्हणून आम्ही त्याला सांगतो, वाटू देऊ नकोस, लिही.

आणि तो काय लिहितो? परवानगी घेऊन काही ओळी येथे देतो. ‘दाढी करताना हात थरथरला नाही.’ ‘मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर सही केली, सरळ आली.’ ‘थोरल्या दादाने पंपाच्या खोलीची किल्ली पुन्हा माझ्याकडे दिली.’ ‘बायको पर्स टेबलावर उघडी ठेवून आंघोळीला गेली.’ या शेवटच्या ओळीवर त्या संध्याकाळी बराच वेळ कोणी बोलले नाही. आमच्यापैकी प्रत्येकाच्या घरी ती पर्स कधीकाळी उशाखाली ठेवली जात होती. आणखी एका वहीत, एका वाईट दिवशी, एवढेच होते: ‘आज काही सुचत नाही. प्यायलो नाही.’

मद्यपीच्या मनात आणखी एक वही असते. ती कोणी पाहिलेली नसते, तरी घरातील सर्वांना पाठ असते. बापाने वाटणीत कमी जमीन दिली. साहेबाने बढती डावलली. मेहुण्याने लग्नात अपमान केला. प्रत्येक ग्लासामागे एक कारण आणि प्रत्येक कारणामागे एक अपराधी, जो कधीच आपण नसतो. ही तक्रारींची वही रिकामी करा म्हटल्याने रिकामी होत नाही. तिच्यासमोर दुसरी वही रोज उघडावी लागते. हे काही विलायतेतून आलेले खूळ नव्हे, असे ज्यांना वाटते त्यांनी संत इग्नेशियस लोयोलाची ‘अध्यात्म साधना’ उघडून पाहावी. १५४८ साली पोपमहोदयांची मान्यता मिळालेल्या त्या ग्रंथातील आत्मपरीक्षणाचा पहिला टप्पा मिळालेल्या दानांबद्दल देवाला धन्यवाद देण्याचा आहे. पापांची पाहणी त्याच्यानंतर. आधी काय मिळाले ते जाणल्याशिवाय आपण काय मोडले ते कळत नाही, हे त्या लढवय्या संताने ओळखले होते. १९४० साली एडवर्ड डाउलिंग हे सेंट लुईचे येशूसंघीय धर्मगुरू त्या शेअर दलालाला भेटायला न्यूयॉर्कला गेले ते यासाठीच, की त्या चळवळीच्या बारा पायऱ्यांत त्यांना आपल्या संस्थापकाच्या साधनेचे प्रतिबिंब दिसले. फादर स्वतः मद्यपी नव्हते. १९६० साली त्यांचे निधन होईपर्यंत ती मैत्री टिकली.

मात्र वहीच्या उजव्या पानाबद्दल आमचे मित्रही कधी कधी कुरकुरतात. डाव्या पानावर लाभले ते, उजव्या पानावर देणे आहे ते. किराणावाल्याचे साडेतीनशे. शेजाऱ्याची मोडलेली सायकल. आईच्या कानांतली फुले, जी आता परत आणता येणार नाहीत. उजवे पान नसेल तर डावे पान निव्वळ स्वतःचे लाड ठरते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

डब्लिनच्या मॅट टॅलबट या मजुराचे नाव आपल्या प्रवचनांतून अधूनमधून येते. १८५६ साली जन्मलेला हा माणूस बाराव्या वर्षी प्यायला लागला आणि १८८४ साली, अठ्ठाविसाव्या वर्षी थांबला. त्या दिवशी त्याच्या खिशात दमडी नव्हती. तो गुत्त्याबाहेर उभा राहिला, पण ज्यांना त्याने आजवर पाजले होते त्यांच्यातील एकानेही त्याला आत नेले नाही. त्याने आधी तीन महिन्यांची शपथ घेतली, मग सहा महिन्यांची, मग जन्माची. १९२५ साली मिस्साला जाताना रस्त्यात त्याला मृत्यू आला, तेव्हा त्याच्या अंगावर प्रायश्चित्ताच्या साखळ्या आढळल्या. १९७५ साली पोप सहावे पॉल यांनी त्याला ‘वंदनीय’ घोषित केले. आपल्याकडे सांगितल्या जातात त्या साखळ्या. पण दारूच्या दिवसांत त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी एका अंध वादकाचे फिडल चोरून विकले होते. सुधारल्यावर टॅलबट त्या वादकाला शोधत डब्लिनभर फिरला. तो सापडला नाही, तेव्हा त्याच्या आत्म्यासाठी मिस्सा वाहण्यास त्याने पैसे दिले. गुत्त्यांची जुनी उधारीही त्याने फेडली. साखळ्या आम्हाला झेपणार नाहीत. ते फिडल मात्र आमच्यापैकी प्रत्येकाच्या वहीत उजव्या पानावर आहे.

आता पत्नींविषयी, कारण सर्वांत मोठा अन्याय तेथे होतो. नवरा पिणे थांबवतो आणि दुसऱ्याच आठवड्यात तिला ऐकू येते, ‘वहिनी, आता तरी हसा. देवाने ऐकलं ना तुमचं? मागचं विसरा.’ अशा एका भगिनीने आम्हाला विचारले, ‘मी काय लिहू वहीत? आज मारलं नाही म्हणून थँक्यू लिहू?’ आम्ही निरुत्तर झालो आणि तसे होणेच योग्य होते. ती या व्यवहारातील ऋणको नाही, धनको आहे. तिच्याकडे आभार मागणे म्हणजे सावकारानेच व्याज भरावे असे म्हणणे. आणि ‘मागचं विसरा’ हा सल्ला तर कृतज्ञतेच्या मुळावरच घाव घालतो. जे झाले ते जाणणे हाच तिचा अर्थ असेल, तर विसरायला लावणारा कृतघ्नतेचाच उपदेश करतो. तिला हसू येईल तेव्हा येईल. न आले तरी तिने कोणाचे काही बुडवलेले नाही. मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी १९५१ पासून ‘अल-ॲनॉन’ ही वेगळी चळवळ आहे. तिची बैठक भरवण्यासाठी आपल्या धर्मग्रामात एखादी खोली मोकळी होईल का, हा प्रश्न शाल-श्रीफळाच्या खर्चापेक्षा अधिक निकडीचा आहे.

राहता राहिला मांडव. तेथे हमखास कानाच्या लग्नाचा दाखला दिला जातो. प्रभूनेच पाण्याचा द्राक्षारस केला, मग आम्ही वाढला तर काय बिघडले? वाढू नका, असे आम्ही म्हटलेलेच नाही. ज्यांना पचतो त्यांनी खुशाल घ्यावा. पण कानामध्ये कोणी ‘नको’ म्हणणाऱ्याच्या हातात पेला कोंबला असे शुभवर्तमानात कोठे लिहिले आहे? तेथे पाहुण्यांची उणीव ओळखणारी माता होती. आपल्या मांडवात ती नजर कोठे गेली? पवित्र सभेने तर प्रत्यक्ष वेदीवर हा विचार केला आहे. मद्यासक्तीने ग्रस्त धर्मगुरूला मिस्सात द्राक्षारसाऐवजी मुस्ट, म्हणजे न आंबलेला किंवा जेमतेम आंबू लागलेला द्राक्षांचा रस वापरण्याची परवानगी बिशपमहोदय देऊ शकतात, हे रोमच्या श्रद्धा-सिद्धांत मंडळाने १९९५ साली स्पष्ट केले. वेदी एका आजारी माणसासाठी वाकू शकते, आणि मांडव वाकत नाही!

ॲक्रनच्या सेंट थॉमस रुग्णालयात १९३९ पासून मद्यपींना खाट मिळवून देणाऱ्या सिस्टर इग्नेशिया घरी जाणाऱ्या प्रत्येक रुग्णाला येशूच्या पवित्र हृदयाचा एक लहानसा बिल्ला देत. अट एकच असे: पुन्हा प्यावेसे वाटले तर पहिल्या घोटाआधी येऊन हा बिल्ला मला परत करायचा. भाषण नाही, साक्ष नाही. कोणीतरी आपली वाट पाहत आहे, एवढे खिशात घेऊन माणूस जाई.

आमचा तो सोबती इस्टरनंतर परत आला. त्याच्या वहीचे अकरा महिने वाया गेले, असे आम्ही मानत नाही. ती पाने लिहिलेली आहेत. तो पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजतो आहे आणि ज्यांनी त्याला कृतघ्न म्हटले त्यांच्याविरुद्ध तक्रारींच्या वहीत नवी नोंद करू नये, म्हणून रोज झगडतो आहे. ती नोंद आम्ही त्याच्या वतीने येथे केली.

लवकरच पुन्हा लग्नसराई येईल. यजमानांना आमची विनंती लहान आहे. ज्या तबकातून वाइन फिरते त्याच तबकात, तशाच ग्लासांत कोकम सरबत किंवा साधे पाणी ठेवावे. कोणी नको म्हटले तर दुसऱ्यांदा विचारू नये आणि कारणही विचारू नये. आणि टोस्टसाठी सारे हात वर जातील तेव्हा कोणाच्या ग्लासात काय आहे, हे वाकून पाहू नये.