नाकं मुरडण्याआधी, सुई टोचून घेण्याआधी

बोटॉक्सचा विषय निघाला की दोन ठरलेली वाक्यं कानावर पडतात. घरातून येतं ते, "बाई गं, विष टोचून घेतेस तोंडाला?" आणि पार्लरच्या खुर्चीमागून येतं ते, "काही नाही हो ताई, फेशियलसारखंच, दहा मिनिटांचं काम." माझ्या मते दोन्ही चूक आहेत. शिवाय पहिल्याच्या जिवावर दुसऱ्याचा धंदा चालतो.

आधी विषाचं बघू. क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम हा जीवाणू ते तयार करतो आणि बिघडलेल्या डबाबंद अन्नातून ते पोटात गेलं तर श्वासाचे स्नायू लुळे पडून माणूस दगावू शकतो, हे खरंच आहे. पण वैद्यकात ते आलं ते काही नटण्यासाठी नव्हे. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट यांनी ते तिरळेपणावर वापरून पाहिलं. १९८९ मध्ये अमेरिकेत तिरळेपणासाठी आणि पापण्या आवळल्या जाण्याच्या विकारासाठी त्याला मान्यता मिळाली. व्हँकुव्हरच्या नेत्रतज्ज्ञ जीन कॅरदर्स यांच्याकडे पापण्यांच्या उपचारासाठी येणाऱ्या एका बाईंच्या लक्षात आलं की, भुवयांमध्ये टोचलं की कपाळ निवांत दिसतं. जीन आणि त्यांचे त्वचारोगतज्ज्ञ पती अ‍ॅलिस्टर यांनी तो धागा धरला, १९९२ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. आठ्यांसाठी अमेरिकी मान्यता आली २००२ साली. हेच औषध आज अर्धशिशी, अति घाम आणि पक्षाघातानंतर आखडलेले हातपाय यांवरही देतात. तिथे कुणी 'विष' म्हणून नाक मुरडत नाही.

"चेहरा दगडी होतो" हा दुसरा आक्षेप. होतो, मात्रा जास्त झाली तर. पण परिणाम तीन-चार महिन्यांत ओसरतो. आणि "वय मिरवावं" हा उपदेश करणारे काका दर रविवारी मिशीला कलप लावतात, त्यामुळे त्यावर जास्त शाई खर्च करत नाही.

या नाकं मुरडण्याने सुई थांबत नाही, ती फक्त लपते. घरी कळू नये म्हणून बाई स्किनच्या डॉक्टरकडे न जाता मैत्रिणीच्या ओळखीतल्या 'स्वस्तात करून देणाऱ्या'कडे जाते. चोरून केलेल्या गोष्टीत प्रश्न विचारायची सोय नसते. २००४ मध्ये फ्लोरिडात चौघांना माणसांसाठी नसलेलं, प्रयोगशाळेतलं कच्चं विष टोचलं गेलं आणि चौघेही लुळे पडून रुग्णालयात पोचले. टोचणारा, परवाना निलंबित झालेला डॉक्टर, त्यांतलाच एक. २०२४ मध्ये अमेरिकेत बनावट बोटॉक्स घरी किंवा स्पामध्ये टोचून घेतलेल्या बायका आजारी पडल्या. औषधाला फेशियल म्हटलं की हे असं होतं.

हे औषध आहे, म्हणून ते औषधासारखंच घ्यावं. कुपी आपल्यासमोर उघडायला सांगावी. १०० युनिटची कुपी पाहिली तर रिकामीच वाटते, तळाशी जेमतेम पांढुरका थर. सलाइनची सुई आत गेली की कुपीतली निर्वात पोकळी ते आपसूक खेचून घेते. खेचलं नाही तर ती कुपी फेकून द्यावी, असं माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं. पुढचा हिशेब तिसरीतल्या पोरालाही जमेल. अडीच मिली सलाइन घातलं तर ०.१ मिलीत ४ युनिट. भुवयांमध्ये पाच ठिकाणी टोचून झाले २०, हीच तिथली नेहमीची मात्रा. पाच मिली घातलं की निम्मीच. सिरिंज तेवढीच भरलेली दिसते आणि पैसेही तेवढेच जातात. म्हणून 'एका भागाचे किती' असं न विचारता 'किती युनिट, कोणत्या कंपनीचे' असं विचारावं, कारण एका कंपनीचं युनिट दुसरीच्या बरोबरीचं नसतं.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार असणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये. चालू असलेली औषधं, विशेषतः काही अँटिबायोटिक्स, डॉक्टरांना सांगावीत. लग्नसराईत हळदीच्या आदल्या दिवशी टोचून घेणं हा शुद्ध वेडेपणा. पूर्ण परिणाम दिसायला दोन आठवडे लागतात आणि टोचलेली जागा काळीनिळी पडू शकते. क्वचित पापणी खाली येते. ती सावरायला काही आठवडे जातात.

शिवाय बोटॉक्स हसताना-रागावताना उमटणाऱ्या रेषांवर चालतं. चेहरा स्वस्थ असतानाही दिसणाऱ्या खोल घड्यांसाठी फिलर सुचवतात, आणि तिथे मी जास्त धास्तावते. फिलर रक्तवाहिनीत गेला तर त्वचा मरते, क्वचित दृष्टीही जाते. भुवयांमधली जागा आणि नाक सर्वांत धोक्याचे. हायलुरॉनिक अ‍ॅसिडचा फिलर विरघळवणारं हायलुरोनिडेज नावाचं औषध मिळतं. ते दवाखान्यात आत्ता आहे का आणि त्वचा पांढरी पडून ठणकायला लागली तर रात्री फोन कोण उचलणार, हे आधी विचारावं. "तसं काही होत नाही हो" असं उत्तर आलं तर पर्स उचलून निघावं, आगाऊ दिलेले पैसे बुडाले तरी.