सिकलसेल : दोष एकट्या सुनेचा कसा?

विदर्भातील वस्त्यांमध्ये एखादे लेकरू हातापायाच्या असह्य वेदनांनी तळमळू लागले, वारंवार रक्त कमी होऊ लागले की पहिले बोट सुनेकडे उठते. ‘हिच्या माहेरचंच रक्त खराब!’ पत्रिका पाहणे आपण सोडले, हे योग्यच झाले. पण रक्ताचा अहवाल पाहण्याची सवय मात्र आपल्याला अजून लागलेली नाही.

मेंडेलचे वाटाण्यावरील प्रयोग १८६६ साली प्रसिद्ध झाले. प्रत्येक गुणाचा एक वाटा आईकडून व एक बापाकडून येतो, हा त्यांचा गाभा. सिकलसेलचा ‘एसएस’ आजार व्हायला दोन्ही वाटे सदोष लागतात. म्हणजे सासूबाईंच्या लेकानेही तेवढेच दिलेले असते! दोघेही ‘एएस’ वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात आजारी मुलाची शक्यता २५ टक्के. पहिले आजारी निघाले, आता पुढची तीन निरोगी निघतील, हा हिशेब साफ चुकीचा आहे.

मात्र वाटाण्याचा नियम येथे तंतोतंत लागू पडत नाही. वाटाण्यात पिवळ्यापुढे हिरवा रंग पूर्ण लपतो; वाहकाच्या रक्तात दोन्ही प्रकारचे हिमोग्लोबिन सापडते. त्याला सहसा त्रास होत नाही, उलट जीवघेण्या हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. म्हणूनच हिवतापाच्या मुलखात हे जनुक टिकले, मग तो आफ्रिका असो, अरबस्तान असो की आपला विदर्भ. ‘हलक्या जातीचे रक्त’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. वंशशुद्धीच्या नावाने जातीचे समर्थन करणाऱ्यांचा समाचार बाबासाहेबांनी १९३६ सालीच घेतला होता. पोटजातीतच सोयरीक करण्याचा आपला हट्ट मात्र दोन वाहकांना एकत्र आणतो, त्याचे काय?

दुसरा अपवाद अधिक घातक. आई वाहक, बापाची सिकलसेल चाचणी निर्दोष, तरी मूल आजारी! मग चर्चा थेट सुनेच्या चारित्र्यापर्यंत जाते. वस्तुतः असा बाप बीटा थॅलेसेमियाचा वाहक असू शकतो, आणि सिकलसेलच्या प्राथमिक विद्राव्यता चाचणीत ते दिसतच नाही. त्यासाठी एचपीएलसी तपासणी लागते.

केंद्राने १ जुलै २०२३ रोजी सुरू केलेल्या सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा भर आदिवासी भागांवर आहे. तो असलाच पाहिजे. पण हा आजार विदर्भातील अनुसूचित जातींत आणि बौद्धांतही आहे. आमच्या वस्त्यांत ही तपासणी मोफत झाली पाहिजे, आणि विहारांतील वधू-वर परिचय मेळाव्यांत नावनोंदणीच्या टेबलाशेजारी रक्त तपासणीचेही टेबल लागले पाहिजे.