दाणेदार टाका आणि तासांचा हिशेब



साखळी, मुका खांब आणि खांब हे क्रोशाचे तीन टाके ज्यांना येतात, त्यांच्यासाठी आज आम्ही एक सोपा, पण दिसायला भारदस्त असा टाका देत आहोत. या विणीवर ज्वारीच्या दाण्यांसारखा उठाव येतो, म्हणून तिला आम्ही दाणेदार वीण म्हणतो. दोन्ही बाजूंनी ती सारखीच दिसते. त्यामुळे मफलर, बाळाची दुपटी, टेबलावरचा रुमाल यांना ती फार शोभते.

आधी उजळणी करू. मुक्या खांबासाठी सुई टाक्यात घालून धागा ओढून घ्यावा. सुईवर दोन फेरे होतात. पुन्हा धागा घेऊन तो दोन्हीतून एकदम काढावा. खांबासाठी आधी सुईवर धाग्याचा एक वेढा घ्यावा, मग सुई टाक्यात घालून धागा ओढावा. आता फेरे तीन होतात. धागा घेऊन दोनातून काढावा, पुन्हा घेऊन उरलेल्या दोनातून काढावा. मुका खांब बुटका, खांब उंच, एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

आता मुलांच्या मफलरची वीण. साधी 4 पदरी लोकर आणि 4 मिलिमीटरची सुई घ्यावी. शिकताना फिकट रंग बरा, कारण गडद रंगात टाके दिसत नाहीत. 25 साखळ्या घालाव्यात. सुईजवळची एक साखळी सोडून दुसरीत मुका खांब, पुढच्या साखळीत खांब, पुन्हा मुका खांब, पुन्हा खांब असे शेवटपर्यंत विणावे. एकूण 24 टाके होतील आणि ओळ खांबावर संपेल.

काम उलटावे व एक साखळी घालावी. ही साखळी टाका म्हणून मोजू नये. अगदी पहिल्याच टाक्यात, म्हणजे मागच्या ओळीच्या शेवटच्या खांबावर, मुका खांब घालावा. पुढच्या मुक्या खांबावर खांब घालावा. नियम एकच : उंचावर बुटका, बुटक्यावर उंच. दोन बुटक्यांच्या मध्ये अडकलेला उंच खांब दाटीमुळे बाहेर फुगतो, तोच दाणा. पुढची प्रत्येक ओळ अशीच मुक्या खांबाने सुरू होते आणि खांबाने संपते.

नवशिक्यांचा मफलर पुष्कळदा वर जाता जाता निमुळता होतो. ओळीचा शेवटचा टाका सुटल्याने हे होते. म्हणून प्रत्येक ओळीअखेर 24 मोजावेत. कमी भरले तर तेवढीच ओळ उसवावी, लोकर वाया जात नाही. पहिली साखळी सैल घालावी, नाहीतर खालची कड आवळते.

रंग बदलायचा असेल तर ओळीचा शेवटचा खांब अर्धा ठेवावा. सुईवर दोन फेरे उरले की नव्या रंगाचा धागा त्यातून काढावा. निळा, पिवळा, तांबडा, पांढरा, केशरी या क्रमाने चार-चार ओळी घातल्या तर आपल्या पंचरंगी धम्मध्वजाचे रंग मफलरवर उतरतात.

आता हिशेबाचे. आंध्रातील नरसापूर भागात एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनऱ्यांनी गरीब बायकांना क्रोशाची लेस शिकवली. त्यांत माला आणि मादिगा या अस्पृश्य मानलेल्या जातींतून धर्मांतर केलेल्या स्त्रिया होत्या. ती लेस परदेशी गेली आणि व्यापारी मोठे झाले. मारिया मीस या जर्मन अभ्यासिकेने 1982 च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिले की, तासन्‌तास विणणाऱ्या या स्त्रियांना कामगार न मानता घरी बसलेल्या गृहिणी समजले जाई, म्हणूनच मजुरी कवडीमोल राहिली. 2024 मध्ये नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळाले. लेसला नाव मिळाले, पण हाताचे मोल अजून मागावेच लागते.

बाबासाहेबांनी मजूरमंत्री असताना 1946 मध्ये कारखान्यातील कामाचा आठवडा 54 वरून 48 तासांवर आणणारे विधेयक मांडले. घरात विणणाऱ्या बाईचे तास मात्र कोणीच मोजत नाही. ते आपणच मोजायचे. वहीत रोज लिहावे : किती वाजता बसलो, किती वाजता उठलो. समजा लोकर 120 रुपयांची लागली, काम 8 तासांचे झाले आणि तासाला 50 रुपये धरले, तर मफलर 520 रुपयांचा होतो. बाजारातला मशीनचा मफलर यापेक्षा स्वस्त मिळेल आणि गिऱ्हाईक घासाघीस करील. किती कमी करायचे ते आपण ठरवू, पण आपण आपल्या कष्टातले किती सोडतो आहोत ते माहीत असले पाहिजे. दुकानदार नगावर काम देत असेल, तर आधी एक नग विणून तास मोजावेत आणि मगच दर कबूल करावा.

चार जणींनी विहारात एकत्र बसून विणले, तर टाकाही लवकर येतो आणि दरही एकच ठरतो. घरातल्या मुलग्यांनाही शेजारी बसवावे. सुईला बाई-पुरुष कळत नाही.

पुढच्या वेळी याच विणीची बाळाची टोपी पाहू. जय भीम!