गुपिताचे गिऱ्हाईक

"सर, मला फसवलं. नऊशे रुपये गेले."

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातल्या एका विद्यार्थ्याने गेल्या महिन्यात स्टाफरूममध्ये येऊन माझ्यासमोर एक पुठ्ठ्याची पेटी ठेवली. स्नेहसंमेलनात जादूचे प्रयोग करायचे म्हणून त्याने ती टपालाने मागवली होती. पेटी उघडून आतली वस्तू पाहिली आणि स्वारीचा चेहरा उतरला. "एवढंच?" हा त्याचा सवाल. दुकानदार माल परत घेईना. त्याचेही खरेच होते. पेटी फोडली की गुपित कळले, आणि कळलेले गुपित परत कसे करणार?

त्याचे दुःख मला कळले, कारण मीही त्यातून गेलो आहे. १९८१ साली मी बेळगावात नववीत शिकत होतो. मुंबईच्या एका दुकानाचे सूचीपत्र हाती लागले. त्यातल्या चित्रात फेटा बांधलेल्या जादूगाराच्या रिकाम्या मुठीतून रुमालांची रांग बाहेर पडत होती. मी व्ही.पी.ने मागणी केली. व्ही.पी.ची रीत अशी की आधी पोस्टमनच्या हातावर पैसे, मग पाकीट. अठरा रुपये दिले. आत काय निघाले ते सांगणार नाही. मुठीत मावेल एवढे होते इतकेच म्हणतो. आजी म्हणाली, "ह्याला अठरा रुपये दिलास होय रे?"

रागाच्या भरात मी ते गुपित वर्गभर सांगत सुटलो. पुढे जत्रेत एक जादूगार नेमका तोच प्रयोग करू लागला, तेव्हा आमच्या वर्गातली चार पोरे एका सुरात ओरडली. तो काही बोलला नाही. गर्दी हसत पांगली, त्याच्या थाळीत काही पडले नाही, आणि त्याने गाठोडे बांधले. माझे अठरा रुपये बुडाले असे मी समजत होतो. त्याच्या पोटाचे काय बुडाले याचा हिशेब मी तेव्हा केला नव्हता.

जादूच्या सामानाचे चांगले दुकान कसे असते ते मला फार उशिरा, २०१४ साली, मावसभावाकडे लंडनला गेलो असताना पाहायला मिळाले. लुईस डॅव्हनपोर्ट याने १८९८ साली लंडनच्या पूर्व भागात हा धंदा सुरू केला. पुढे हे दुकान पुष्कळ वर्षे ब्रिटिश म्युझियमसमोर होते आणि १९८४ पासून चेरिंग क्रॉस स्टेशनाजवळच्या भुयारी वाटेत. २०२० साली ते लंडन सोडून नॉरफोकला गेले. धंदा घराण्यातच राहिला. मी गेलो तेव्हा गल्ल्यावरचा माणूस एका दहाबारा वर्षांच्या पोराशी बोलत होता. पोराचे बोट एका महागड्या पेटीवर. त्या माणसाने विचारले, कोणाला दाखवणार? किती लोक? रोज किती वेळ सराव करशील? शेवटी पोरगा पत्त्यांचा एक साधा जोड घेऊन गेला. (इंग्रजी सूचीपत्रांत रिकामा केला तरी पुन्हा भरणारे एक भांडे 'लोटा' याच नावाने विकले जाते. आपला लोटा परदेशात एवढा मान मिळवून आहे हे पाहून मला उगाच बरे वाटले!)

ते तीन प्रश्न मला मुंबईच्या दुकानाने विचारले नव्हते, आणि आमच्या विद्यार्थ्यालाही कोणी विचारले नाहीत. त्याच्या तक्रारीचा एवढा भाग मी पूर्णपणे मान्य करतो. सूचीपत्रातले चित्र प्रेक्षकाला काय दिसेल ते दाखवते, गिऱ्हाइकाला काय मिळेल ते नव्हे. प्रयोग बाजूने उघडा पडतो का, हात बसायला आठवडा लागेल की वर्ष, हे गुपित न फोडताही छापता येते. जो दुकानदार ते छापत नाही तो लबाडीच करतो.

पण "एवढंच?" ही तक्रार मला मान्य नाही. वस्तू मोठी आणि नवलाची असती तर ती पहिल्या रांगेतल्या पोराला दिसली नसती का? ती क्षुल्लक आहे म्हणूनच लपते. पैसे त्या वस्तूचे नसतातच. ती युक्ती ज्याला सुचली त्याचे असतात. आणि कायदा अशा माणसाला फारसा उपयोगी पडत नाही. होरेस गोल्डिन या जादूगाराने बाईला करवतीने कापण्याच्या प्रयोगाचे १९२३ साली अमेरिकेत पेटंट घेतले. पेटंट घेणे म्हणजे सगळी कृती सरकारी कागदावर लिहून देणे, आणि तो कागद कोणीही वाचावा. पुढे एका सिगारेट कंपनीने जाहिरातीत ते गुपित छापले. गोल्डिन कोर्टात गेला आणि १९३८ साली हरला. तेव्हा गुपित राखायचे ते गिऱ्हाइकानेच. आज तर मोबाइलवर फुकटात सगळे फोडून दाखवणारे बसलेले आहेत, आणि ते पाहून आलेले पोर पहिल्या रांगेत असतेच.

हे सगळे मी त्या विद्यार्थ्याला सांगितले. त्याला पटले असे दिसले नाही. "पण सर, नऊशे?" असे म्हणून त्याने पेटी उचलली. परवा प्रयोगशाळेचा शिपाई सांगत होता, की प्रॅक्टिकल संपल्यावर तो काचेच्या कपाटासमोर एकटाच हात हलवत उभा असतो, आणि कोणी आले की खिशात घालतो.