नळाचा खरा विटाळ

पाण्याला माणसाच्या स्पर्शानें विटाळ होतो, असें या देशांत शेंकडों वर्षें सांगितलें गेलें. त्या खोट्या विटाळापायीं आमच्या लक्षावधि बंधूंना भरल्या तळ्याच्या कांठावरून तहानलेलें परत फिरावें लागलें. जोतीरावांनीं १८६८ सालीं आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुला केला, आणि १९२७ सालीं बाबासाहेबांनीं महाडास चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेतलें, तेव्हां कोठें या ढोंगाचें पितळ उघडें पडूं लागलें. परंतु माणसाच्या सांवलीला भिणाऱ्या त्या शास्त्र्यांना गटाराचा विटाळ कधीं दिसला नाहीं. आणि आज शहरांचें पाणी ज्यांच्या हातीं आहे, त्यांनाहि तो पुरता दिसतो असें नाहीं. म्हणून आज त्या खऱ्या विटाळाविषयीं लिहिणें आम्हांस भाग आहे.

खानदेशांतल्या कोणत्याहि शहरीं जा. तेथील कारभारी मोठ्या अभिमानानें शुद्धीकरणाचें केंद्र दाखवितील. तुरटी फिरविली, वाळूंतून गाळलें, क्लोरीन मिसळलें. पाणी कांचेसारखें झालें. आम्ही म्हणतों, खरें आहे. तेथें तें सोवळेंच असतें. परंतु आमच्या माय-बहिणी घागर घेऊन त्या केंद्राच्या दारांत उभ्या राहात नाहींत. त्या उभ्या राहतात गल्लीच्या शेवटच्या तोटीशीं. केंद्रापासून त्या तोटीपर्यंत पाणी कशांतून येतें, हें विचारा म्हणजे सोवळें कोठें सुटतें तें कळेल.

मोठा नळ रस्त्याखालून जातो. त्यापासून घरापर्यंत एक बारीक नळी येते. ती घरवाल्यानें आपल्या खर्चानें घालावयाची. श्रीमंताची नळी नवी व गटारापासून दूर. कोष्ट्याची, चांभाराची, कुंभाराची, हातावर पोट असणाऱ्याची नळी मात्र मिळेल ती, स्वस्तांतली, आणि जवळच्या वाटेनें म्हणजे बहुधा गटारांतून ओढलेली. दहा वर्षांत तिला गंज चढतो व भोंकें पडतात. नळ भरलेला असतो तोंवर त्या भोंकांतून पाणी बाहेर गळतें, म्हणजे नुकसान पाण्याचें. परंतु आपल्याकडे नळ चोवीस तास भरलेला असतो कोठें? उन्हाळ्यांत गिरणा धरणाच्या आवर्तनाकडे डोळे लावून बसणाऱ्या गांवांना कित्येक दिवसांच्या अंतरानें पाणी येतें. पाणी थांबलें कीं नळ रिकामा होतो, आणि मग त्याच भोंकांतून गटार आंत शिरतें. त्यांतच एखादा शहाणा नळाला मोटार लावतो. ती मोटार शेजाऱ्याचें पाणी तर ओढतेच, पण गल्लीची घाणहि ओढते.

हा आमच्या कल्पनेचा खेळ नव्हे. इचलकरंजी हें विणकरांचें गांव. तेथें २०१२ सालीं काविळीची साथ आली, हजारों लोक अंथरुणास खिळले व कित्येक दगावले. मागावर बसून कापड विणणाऱ्यांच्या घरांत जुन्या, गळक्या नळांतून गटाराचें पाणी शिरलें होतें. माग बंद, मजुरी बंद, वर औषधाचें कर्ज. रोग पाण्यावाटे आला, पण तो राहिला सावकाराच्या वहींत.

घाण निदान वासानें कळते. दुसरा एक विटाळ असा आहे कीं, त्याला ना वास, ना रंग, ना चव. तो म्हणजे शिसें. शिसें मऊ, वांकवावयास सोपें, म्हणून रोमन लोकांपासून पाण्याचे नळ त्याचे होत आले. नळकाम करणाऱ्यास आपण प्लंबर म्हणतों, तो शब्दहि शिशाच्या लॅटिन नांवावरूनच निघाला. हें शिसें पाण्यांत उतरून पोटांत गेलें म्हणजे हाडांत सांचतें, रक्तांत फिरतें, आणि सर्वांत जास्त घात करतें तो लहान मुलाच्या मेंदूचा. मूल मठ्ठ होतें, त्याचें ध्यान लागत नाहीं, अक्षर डोक्यांत राहात नाहीं. वर्गांत आम्ही मास्तर त्याला छडी दाखवितों, बाप त्याच्या नशिबाला बोल लावतो, आणि गांवांतले पंडित म्हणतात, "या जातीच्या डोक्यांत विद्या शिरावयाचीच नाहीं." दोष कदाचित् पाण्याचा असतो व शिक्षा मिळते मुलाला. आमच्या मुलांच्या शाळेसाठीं ज्यांनीं आयुष्यें वेंचलीं, त्यांची कमाई असल्या नळांतून वाहून जाऊं द्यावयाची काय?

भारतीय मानकाप्रमाणें एक लिटर पाण्यांत शिसें ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक असतां कामा नये. म्हणजे हजार लिटरची टांकी भरली, तर तींत ज्वारीच्या एका दाण्याच्या निम्म्या वजनाइतकेंहि शिसें चालत नाहीं. आणि मुलांच्या बाबतींत शिशाचें कोणतेंच प्रमाण निर्धोक म्हणतां येत नाहीं, असें वैद्यकशास्त्र आज सांगतें.

अमेरिकेंत फ्लिंट नांवाचें कामगारांचें शहर आहे. तेथील कारभाऱ्यांनीं २०१४ सालीं पैसे वांचविण्यासाठीं शहराचें पाणी बदलून नदीचें घेतलें आणि नळ झिजूं नयेत म्हणून घालावयाचें औषध घातलें नाहीं. जुन्या नळांतलें शिसें पाण्यांत उतरलें. लोक बाटल्या भरभरून पिवळें पाणी दाखवीत होते. अधिकारी म्हणत होते, पाणी उत्तम आहे. पुढें एका डॉक्टरबाईनें मुलांच्या रक्तांतलें शिसें मोजून दाखविलें, तेव्हां सरकार जागें झालें. गरिबाचें पाणी गरिबाच्या तोंडच्या तक्रारीवरून कोणी तपासत नाहीं, ही रीत साता समुद्रांपलीकडेहि तीच!

"पण आपल्याकडे शिशाचे नळ आहेत कोठें?" असें कोणी विचारील. शिसें आपल्याकडे वेष पालटून येतें. पी. व्ही. सी. चा नळ ओढतांना तो उष्णतेनें बिघडूं नये म्हणून त्यांत शिशाचीं संयुगें घालण्याची चाल होती. हा प्रश्न राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढें गेला, आणि केंद्र सरकारनें २०२१ सालीं ती चाल बंद करण्यासाठीं नियम केले. नियम झाले, पण त्यापूर्वीं पुरलेले नळ जमिनींतच आहेत. पितळी तोट्यांतहि थोडें शिसें असतें. प्लॅस्टिकच्या नळांसाठीं आपला जळगांव जिल्हा देशभर माहीत आहे. तेव्हां चांगला नळ कसा असतो, हें आम्हांस परक्यानें शिकवावयास नको. प्रश्न एवढाच कीं, तो चांगला नळ गरिबाच्या दारापर्यंत कोणी न्यावयाचा?

"घराची नळी घरवाल्याची, तिच्याशीं आमचा संबंध नाहीं," हें उत्तर आम्हांस मान्य नाहीं. पांझरेच्या कांठीं आमच्या शेतकऱ्यांनीं फड पद्धतीनें पिढ्यान् पिढ्या पाणी वाटून घेतलें. पाटकरी नेमला, जागल्या नेमला, पाट साफ करावयाचें काम सर्वांचें मानलें. अंगठा उठविणाऱ्या कुणब्याला जें कळलें, तें पदवीधर कारभाऱ्यांना कां कळूं नये? पाणीपुरवठा हें १९६५ च्या कायद्यानें नगरपरिषदेचें बंधनकारक कर्तव्य आहे; तें गल्लीच्या तोंडाशीं संपत नाहीं. अमेरिकेंतच नेवार्क शहरानें २०१९ पासून तीन वर्षांच्या आंत सुमारें २३,००० शिशाच्या नळ्या उपटून नव्या घातल्या, आणि घरवाल्याकडून त्याचा एक पैसाहि घेतला नाहीं. मनांत आणलें तर होतें.

पाचोऱ्यापासून धुळ्यापर्यंतच्या सर्व शहरांसाठीं आमच्या मागण्या चार आहेत. पहिली, कोणत्या गल्लींत कशाचा व किती जुना नळ आहे याची नोंदवही करावी व ती कोणासहि पाहूं द्यावी. दुसरी, पाण्याची तपासणी केंद्रावर नव्हे तर शेवटच्या तोटीवर व्हावी. जंतूंची व्हावी, क्लोरीनची व्हावी आणि शिशाचीहि व्हावी. तिसरी, खेड्यांतल्या पाण्याच्या पाहणीनंतर ग्रामपंचायतीला लाल, पिवळें वा हिरवें कार्ड मिळतें, तसें शहराच्या प्रत्येक वस्तीच्या नळाला द्यावें व चौकांत लावावें. चौथी, गटारांतून जाणाऱ्या व जुनाट नळ्या सार्वजनिक खर्चानें बदलाव्या, आणि आरंभ गरीब वस्तीपासून करावा; कारण बाटलीचें पाणी घेण्याची ऐपत तेथें नाहीं.

आमच्या वाचकांनींहि हात जोडून बसूं नये. नळ आल्यावर पहिल्या एकदोन बादल्या पिण्यास घेऊं नका; झाडांना, सडा-सारवणाला वापरा. नळांत शिरलेली घाण व त्यांत थांबलेल्या पाण्यांत उतरलेलें शिसें त्याच बादल्यांतून येतें. पाणी उकळल्यानें जंतु मरतात, पण शिसें जात नाहीं, उलट पाणी आटून त्याचें प्रमाण वाढतें, हें ध्यानांत ठेवा. नवा नळ घेतांना मानकाचा शिक्का पाहा व पक्की पावती मागा. नळाला मोटार लावूं नका. आणि मत मागावयास कोणी दाराशीं आला, तर त्याला आपल्याच तोटीचा पेला भरून द्या. तो त्यानें तुमच्यादेखत प्यावा; मग पुढची बोलणीं.